क्रेडिट कुणाचं, बॉस?

टीमनं प्रोजेक्ट पूर्ण केलं आणि ई-मेलमध्ये नाव एकाचंच आलं, तर तुमचं काय होतं? आतल्या आत चडफड! मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर असाच सीन झाला. मुंबईनं विदर्भाला १६९ रन्सनी हरवून ४२व्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली आणि मॅन ऑफ द मॅच ठरला १९ वर्षांचा मुशीर खान. सरफराजचा धाकटा भाऊ, आमच्या कुर्ल्याचा पोरगा!

कुर्लेकर म्हणून माझी कॉलर ताठ, हे ओघानं आलंच. पण स्टेशनबाहेर बीकेसीच्या शेअर रिक्षासाठी लाइनीत उभं असताना माझ्या मित्रानं वाद काढला, 'मॅच तर आधीच जिंकली होती यार, ह्यानं काय केलं?'

त्याच्या बोलण्यात दम आहे. पहिल्या इनिंगमध्ये मुंबई ६ बाद १११ अशी गाळात होती. मुशीरचे रन्स फक्त ६. शार्दुल ठाकूरनं ६९ बॉल्समध्ये ७५ ठोकले, म्हणून स्कोअर २२४ पर्यंत गेला. मग धवल कुलकर्णी, शम्स मुलानी आणि तनुष कोटियन यांनी प्रत्येकी ३ विकेट्स घेत विदर्भाला १०५ मध्ये गुंडाळलं. लीड ११९ची. दुसऱ्या इनिंगमध्ये मुशीरनं १३६ केले. पण ते सरळ वजा करा, तरी मुंबई ३३ रन्सनी जिंकतेच. मग ट्रॉफी शार्दुलला का नाही?

गणित बरोबर आहे, पण क्रिकेट असं वजाबाकीनं चालत नाही, राव. दुसऱ्या इनिंगमध्ये मुंबईच्या ३४ रन्सवर २ विकेट्स पडल्या होत्या. तिथून मुशीरनं कॅप्टन अजिंक्य रहाणेबरोबर १३० आणि श्रेयस अय्यरबरोबर १६८ रन्स जोडले. म्हणजे २९८ रन्स होईपर्यंत एक एंड बंद! रहाणेनं ७३ आणि श्रेयसनं ९५ केले, ते याच भरवशावर. मुशीर खेळला तब्बल ३२६ बॉल्स. ग्लॅमर शून्य, पेशन्स फुल्ल. तरीही मुंबईकडून रणजी फायनलमध्ये सेंच्युरी मारणारा सर्वांत तरुण बॅट्समन हा सचिनचा रेकॉर्ड मोडला तो यानंच.

आणि हे रन्स फालतू नव्हते. ५३८चं टार्गेट असूनही विदर्भानं ३६८ केले. अक्षय वाडकरनं सेंच्युरी मारली, करुण नायरनं ७४ काढले. (करुणची विकेट घेतली कुणी? मुशीरनंच!) टार्गेट तीनशेच्या आसपास असतं, तर पाचव्या दिवशी लंचनंतर वानखेडेवर कुणाची फाटली असती, सांगायला नकोच.

तेव्हा माझं मत असं : मॅच उघडली शार्दुल आणि बोलर्सनी, दार लावून घेतलं मुशीरनं. दार लावणाऱ्याला मॅन ऑफ द मॅच द्यायला माझी हरकत नाही. पण 'मुशीरनं रणजी जिंकून दिली' हे वाक्य मात्र मला खटकतं. ते बाकीच्या दहा जणांवर अन्याय करतं आणि १९ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर उगाच ओझं ठेवतं.

ते ओझं किती फसवं असतं, ते लगेच दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये दुलीप ट्रॉफीत त्यानं १८१ मारले आणि त्याच महिन्यात रोड अॅक्सिडेंटमध्ये मानेला फ्रॅक्चर झालं. ऑक्टोबरमध्ये मुंबईनं इराणी कप जिंकला, त्याच्याशिवाय. सरफराजनं नाबाद २२२ केले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये विदर्भानं रणजी सेमीफायनलमध्ये मुंबईला हरवलं, तेव्हाही तो टीममध्ये नव्हता. म्हणून काय ती हार त्याच्या नसण्याच्या खात्यावर टाकायची? नाही ना? मग जीतही एकट्याच्या नावावर नको.

पुढच्या अप्रेझलला हे लक्षात ठेवा. 'प्रोजेक्ट मी केला' म्हणू नका, 'ते ३२६ बॉल्स मी खेळलो' म्हणा. आणि तुमचा शार्दुल कोण होता, तेही बॉसला सांगा!