पायाखालच्या मुरुमाचा हिशेब

बांधकामाने पर्यावरणाची हानी होते असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्यातील गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. नेरसारख्या तालुक्याच्या गावाशी या विषयाचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शासनाच्याही मनात ते फारसे आलेले दिसत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे बांधकामाला पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्र असेल तर. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या आपल्या या गावात एवढी मोठी इमारत कोण आणि कशासाठी बांधणार? येथे बांधली जातात ती शिक्षकाची, कारकुनाची, पेन्शनीत निघालेल्या तलाठ्याची घरे. भविष्यनिर्वाह निधी आणि बँकेचे कर्ज यांची मोळी बांधून उभी केलेली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घराला तर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजली जाते. सामान्य माणसाचे हेलपाटे त्यामुळे वाचले, हे चांगलेच झाले. परंतु कायद्याची नजर जेथून वळते तेथून निसर्गाचा हिशेब थांबतो असे मात्र नाही.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. आपल्या भागातील जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीवर थेट पाया घातला तर भिंतींना तडे जातात, म्हणून काळी माती काढून मुरुमाची भर घालावी लागते. ३० फूट बाय ४० फूट भूखंडावर दोन फूट भर घालावयाची म्हटली तरी २,४०० घनफूट, म्हणजे २४ ब्रास मुरूम झाला. शंभर घरांच्या एका लेआउटला २,४०० ब्रास. एवढा मुरूम दहा फूट खोल खणून काढला तर अर्ध्या एकराहून मोठा खड्डा कोठे तरी पडतोच. तो आपल्या दारात पडत नाही, गावाबाहेरच्या एखाद्या टेकडीच्या कुशीत किंवा गायरानात पडतो, एवढेच. पावसाळ्यात तो पाण्याने भरतो. त्याला कठडा नसतो, उतारही नसतो. सरळ तुटलेल्या कडा असतात. अशा खड्ड्यांत पोहावयास गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि पान उलटतो.

मुरूम हे गौण खनिज असल्याने त्यावर स्वामित्वधन भरावे लागते. ते भरले की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो, आणि पुष्कळदा तेही भरलेले नसते. स्वामित्वधनाची पावती शासनाचा तोटा भरून काढते. टेकडीचा भरून काढीत नाही.

आता या मुरुमाच्या मोबदल्यात निघालेली काळी माती कोठे जाते ते पाहावे. हजारो वर्षे काळा पाषाण झिजून ही माती झाली. तिच्यावरच या जिल्ह्याचा कापूस उभा आहे. लेआउट पडतात तेही बहुधा कालपर्यंत पिकत असलेल्या शेतावर. वरची फूटभर माती वेगळी काढून शेजारच्या हलक्या रानात पसरली तर शेतकरी आनंदाने नेईल. आपल्याकडे तशी चालही होती. जुनी मातीची घरे पाडली की पांढरीची माती शेतात खत म्हणून जाई, सागाचे खांब नि कवेलू दुसऱ्या घराला लागत, आणि पाडलेल्या घराचे फेकण्यासारखे फारसे काही उरतच नसे. आज माती, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा, फाटक्या पोत्या असे सारे एकाच ट्रॉलीत भरून जवळच्या नाल्याच्या काठी ओतले जाते. ओतणाऱ्याला ती पडीक जागा वाटते. वस्तुतः तो नाल्याचा पूर वाहून नेण्याचा मार्ग असतो. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ शहरात पाणी घरांत शिरले, महागाव तालुक्यात लोकांना सोडविण्यासाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. त्या दिवसाचा पाऊस असामान्य होता, हे खरे. परंतु असामान्य पाऊस पुन्हा यावयाचाच आहे, आणि तेव्हा नाल्याला त्याची पूर्ण रुंदी लागेल.

वाळूची कथा निराळी नाही. नदीच्या पात्रातील वाळू हा पाण्याचा साठा असतो. ती पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना पुरविते. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतील उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली, ती लहान लहान उपशांची बेरीज मोठी होते हे ओळखूनच. घरांच्या बाबतीत मात्र ही बेरीज अद्याप कोणी केलेली नाही.

आणि पाणी! २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळकरांनी जे भोगले ते या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. तरीही स्लॅब टाकावयाचा तो एप्रिल-मे महिन्यात, ही आपली रीत. शाळांना सुट्या असतात, पावसापूर्वी छप्पर व्हावे अशी घाई असते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वाफे करून दोन इंच पाणी साठविले तर एका वेळी सुमारे ४,७०० लिटर लागते. टँकरच म्हणा ना. वैशाखातल्या उन्हात ते काही दिवसांतच उडून जाते आणि पुन्हा भरावे लागते. उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. त्यात काटकसर करणे म्हणजे घराच्या आयुष्यातच काटकसर करणे होय. यास्तव पाणी वाचवावयाचे ते वेळ बदलून. दिवाळीनंतर थंडीत टाकलेला स्लॅब कमी पाण्यात नीट पक्का होतो. खांबांना नळीने पाणी मारून ते जमिनीवर वाहू देण्यापेक्षा गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे. चांगला गवंडी हे जाणतो. त्याला घाई असते ती घरमालकाची.

धुळीविषयी फार लिहीत नाही. २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने बांधकामाच्या धुळीसंबंधी तरतुदी पर्यावरण संरक्षण नियमांत घातल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने ७० मीटरहून उंच इमारतींभोवती ३५ फूट पत्र्याचे कुंपण सक्तीचे केले. नेरच्या गल्लीत ३५ फुटी पत्रा हास्यास्पद ठरेल, पण रस्त्यावर ओतलेल्या वाळूवर ताडपत्री टाकण्यास कोणी अडविलेले नाही. मलब्याचेही तसेच. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी मलबा रस्त्यावर वा गटारात टाकण्यास प्रत्येकालाच, अगदी एका खोलीच्या घरमालकालाही, मनाई केली होती. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांचा मुख्य भार मात्र पुन्हा २०,००० चौरस मीटरांवरच्या प्रकल्पांवर ठेवण्यात आला.

लहान बांधकामांना मोठ्या प्रकल्पांचे कागदी घोडे लावावेत, असे येथे कोणाचे म्हणणे नाही. पुढे जाण्याची वाट आपल्या विदर्भातच सापडली आहे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामाला लागणारी माती व मुरूम टेकड्या फोडून न आणता तलाव आणि नाले खोल करून काढण्यात आला. रस्त्याला भर मिळाली आणि गावाला पाण्याचा साठा. नीती आयोगानेही या ‘बुलढाणा पॅटर्न’ची दखल घेतली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारातही महामार्गाच्या मातीसाठी शेततळी खोदली गेली. खड्डा पडणारच असेल तर तो कोठे पडावा हे आधी ठरविणे, एवढीच यातील युक्ती. अर्थात खोलीकरण म्हणजे वाटेल तेथे वाटेल तेवढे खणणे नव्हे. भूजलाची जाण असलेल्या माणसाने जागा व खोली आखून दिली नाही तर शेजारच्या विहिरीचे पाणी नाल्यात उतरते आणि नव्या भांडणाला तोंड फुटते.

महामार्गाला जे जमले ते नेरच्या शंभर घरांना जमू नये असे काही नाही. अडचण आहे ती एकेकट्याने ट्रॉली मागविण्याची. नगर परिषद आणि तहसील कार्यालय यांनी मिळून दरवर्षी दिवाळीपूर्वी एखादा गाळाने भरलेला तलाव किंवा नाल्याचा टप्पा निवडावा, तेथूनच त्या हंगामातील घरांना मुरूम द्यावा, आणि मलब्यासाठी गावाबाहेर एक जागा खुणा करून नेमून द्यावी. नकाशाबरोबर भरावयाच्या अर्जात आज मालकीचा उतारा मागतात, शुल्काची पावती मागतात. मुरूम कोठून आणणार आणि काढलेली माती व मलबा कोठे टाकणार, असे दोन रकाने त्यात वाढविण्यास नवा कायदा लागत नाही. ते रकाने भरणारा अर्जदार बहुधा शिक्षक असेल आणि ते तपासणारा कारकून. पुढच्या वर्षी त्या कारकुनाचेही घर बांधावयाचे असेल.