पटाची जोडी पोसायला काय लागतं?

 शंकरपट म्हणजे आपल्या विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत! मित्रांनो, हा शौक फार महाग आहे. दाणीवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जोडी काही सेकंदच पळते, पण तिला वर्षभर पोसावं लागतं.

सरकीची ढेप रात्री भिजत घालायची, पहाटे हातानं गुठळ्या फोडून तुरीच्या चुनीत कालवायची, वर हिरवा चारा. जोडीवर रोजचे ४०० रुपये धरले, तरी वर्षाचे १,४६,००० होतात. गडी, डॉक्टर आणि पटापर्यंतचं गाडीभाडं वेगळंच. चांगल्या जोडीची किंमत तर लाखांतच. बक्षिसातून हे सगळं निघेल या आशेनं कोणी उतरू नये.

७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा कित्येकांनी बैल विकले. ज्यांनी तरीही दावणीला ठेवून ढेप चारली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला.

आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते, धाव १००० मीटरच्या आतच. चाबूक, काठी चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

पट पाहायचाच असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला जा. तिथं धुरकरी म्हणून महिलाही जोडी हाकतात.