पडद्यावरील रंगांची योजना

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी बटणे, याद्या व नोंदीच्या चौकटी यांचे रंग ठरविणे हे केवळ सजावटीचे काम नव्हे. मजकूर वाचता येणे वा न येणे त्यावर अवलंबून असते.

पडद्यावरील प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ या प्रमाणांनी सांगता येतो. नॉर्वेत विकसित झालेल्या व १९९५ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या ‘क्यूट’ या साधनसंचात रंगांसाठी ‘पॅलेट’ची सोय आहे. तीत रंग एकेका बटणाला न देता कार्यानुसार देता येतो : बटणाची पार्श्वभूमी, त्यावरील अक्षरे, निवडलेली ओळ इत्यादी. चालू, मागे पडलेली खिडकी आणि वापरास बंद असलेले घटक यांसाठी निरनिराळे रंगगट असतात.

येथे एक चूक नेहमी घडते. आज्ञावली रचणारा चौकटीची पार्श्वभूमी पांढरी ठरवितो. अक्षरांचा रंग मात्र संगणकावर सोपवितो. डोळ्यांना त्रास होतो म्हणून एखादा वापरणारा काळी रंगयोजना निवडतो. अक्षरे पांढरी होतात, चौकट पांढरीच राहते. अर्जदाराचे नाव लिहिले जाते, पण दिसत नाही.

म्हणून दोन्ही रंग एकत्र ठरवावेत किंवा दोन्ही संगणकावर सोपवावेत. संकेतस्थळांसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधारण आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, पांढऱ्यावर काळ्याचे ते २१ : १ भरते. हाच निकष येथेही उपयुक्त ठरतो. लाल-हिरवा भेद न जाणवणाऱ्यांसाठी चूक केवळ रंगाने न दर्शविता शब्दांतही सांगणे अगत्याचे आहे.