नीरा, शिंदी आणि जीभ

युरोपांत बिअरचे जाणकार एल आणि लागर यांतील भेद चवीवरून सांगतात. एल उबेंत आंबते, म्हणून तिला बहुधा फळासारखा वास येतो. लागर थंडीत सावकाश आंबते, म्हणून ती स्वच्छ लागते. दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यांत या परीक्षेचा काय उपयोग, असें कोणी विचारील. परंतु येथें शिंदीच्या झाडाखालीं जिभेची परीक्षा याहून मोलाची आहे.

बिअरसाठीं सातूला मोड आणून त्यांतील पिष्टाची साखर करावी लागते. शिंदीच्या रसांत साखर तयारच असते. त्यामुळें रस मडक्यांत ठिबकूं लागतांच यीस्ट आपलें काम आरंभितें. पहांटेचा ताजा रस निव्वळ गोड, तीच नीरा. ऊन चढलें कीं फेस येतो, जिभेला चुणचुण लागते. पुढें आंबट आणि उग्र चव येते, ती शिंदी. मडक्याला आंतून चुना फासल्यास आंबणें लांबतें; मात्र चुना अधिक झाल्यास तोही जिभेला कळतो.

१९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें वर्ध्याच्या मगनवाडींत नीरेपासून गूळ करण्याचें काम चालविलें. दारू सुटली तरी झाडावर पोट भरणाऱ्याची मजुरी सुटूं नये, हा त्यामागील विचार. आंबलेल्या रसाचा गूळ मात्र नीट घट्ट बसत नाहीं. एक आंबट मडकें कढईंत पडलें कीं सकाळची मेहनत वाया जाते. म्हणून कढईपूर्वी प्रत्येक मडकें चाखावें.