विद्युत् भारण, प्रवर्तनाने

विद्युत् भारित वस्तूचा स्पर्श न होता केवळ तिच्या सान्निध्यामुळे संवाहकावर भार निर्माण करण्याच्या पद्धतीस ‘प्रवर्तनाने विद्युत् भारण’ म्हणतात. या आविष्काराचे वर्णन जॉन कँटन यांनी १७५३ मध्ये व योहान कार्ल व्हिल्के यांनी १७६२ मध्ये केले.

प्रक्रिया : निरोधक आधारावरील धातूच्या गोलाजवळ ऋण भारित दांडी आणल्यास गोलातील इलेक्ट्रॉन दूरच्या बाजूस सरतात व जवळची बाजू धन भारित होते, एकूण भार मात्र शून्यच राहतो. या स्थितीत गोल जमिनीस तारेने जोडल्यास (भूसंपर्कन) इलेक्ट्रॉन जमिनीत जातात. प्रथम भूसंपर्क तोडून नंतर दांडी दूर नेल्यास गोलावर धन भार उरतो. क्रम उलटा केल्यास इलेक्ट्रॉन परत येऊन गोल भाररहित होतो. दांडीचा भार खर्च होत नाही. लागणारी ऊर्जा दांडी दूर नेताना केलेल्या कार्यातून मिळते.

व्यवहारातील महत्त्व : रायगड जिल्ह्यातील पेण–रोहा लोहमार्गावर २५ किलोव्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. अशा मार्गावर कामासाठी बंद केलेल्या तारेतही शेजारच्या चालू तारेमुळे प्रवर्तनाने धोकादायक दाब येऊ शकतो. म्हणून वीज बंद करणे पुरेसे नसते. तार भूसंपर्कित करावी लागते. भूसंपर्क दांड्याचे टोक प्रथम जमिनीकडील भागास व मगच तारेस जोडतात आणि काढताना याच्या उलट क्रम पाळतात. भूसंपर्कित तारेवर प्रवर्तित भार असतोच, पण तिचे वर्चस् जवळजवळ शून्य राहते. समांतर तारेतील प्रवाहामुळे चुंबकीय प्रवर्तनही होत असल्याने कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस भूसंपर्क ठेवतात.

रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखाने आहेत. अशा उद्योगांत ज्वलनशील विद्रावक नळातून वाहताना घर्षणाने भारित होतो. मायकेल फॅराडे यांनी १८४३ मध्ये दाखविल्याप्रमाणे बंदिस्त धातुपात्रातील भार पात्राच्या बाह्य पृष्ठावर तेवढाच सजातीय भार प्रवर्तित करतो. रबरी चाकांवरील टाकीचा जमिनीशी चांगला विद्युत् संपर्क नसल्यास हा भार साचतो आणि एखादी ठिणगीही विद्रावकाची वाफ पेटवू शकते. यास्तव भरण सुरू करण्यापूर्वी टाकी व नळ एकमेकांस आणि जमिनीस जोडतात; भरण संपून द्रवातील भार ओसरेपर्यंत ही जोडणी काढीत नाहीत. पावसाळ्यातील दमट हवेत घन पृष्ठांवरील भार लवकर ओसरतो; परंतु बंद नळातील द्रवावर तिचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून भूसंपर्कन बाराही महिने आवश्यक असते.