डिस्क आपली, पण तिला हुकूम सोडायचा अधिकार कोणाचा?

डिसेंबर २०१६. नोटाबंदीला अजून महिनाही झाला नव्हता. एटीएमसमोरच्या रांगा हटत नव्हत्या, आणि अशात ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई गाव एकदम बातम्यांत आलं. १ डिसेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीन दिली. किराण्यापासून वडापावपर्यंत सगळं कार्डावर, अशा बातम्या झळकल्या.

पुढे कॅशलेसचं काय झालं हा वेगळा विषय. आपल्याला बघायचंय ते मशीनमध्ये जाणारं कार्ड. कारण त्या कार्डावर माहिती साठवायच्या दोन जागा असतात, आणि त्या दोघींचा स्वभाव अगदी वेगळा असतो.

पहिली म्हणजे मागची काळी पट्टी. ती कोणालाच नाही म्हणत नाही. वाचणारं यंत्र समोर आलं की सगळी माहिती देऊन टाकते. म्हणून तर पट्टीची नक्कल करून दुसरं कार्ड बनवणाऱ्या चोरांचं फावलं.

दुसरी म्हणजे पुढची सोनेरी चिप. हिच्यात एक छोटासा संगणकच असतो. मशीनने विचारलं, "या व्यवहारावर तुझी गुप्त खूण उमटवून दे," तर ती देते. पण ज्या गुप्त किल्लीने खूण उमटते, ती किल्ली मागितली तर देत नाही. कोणत्या आज्ञा पाळायच्या आणि कोणत्या धुडकावायच्या, हे चिपमध्ये आधीच ठरलेलं असतं. म्हणूनच नुसत्या पट्टीची कार्डं ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची द्या, असा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता.

आता हाच प्रश्न घरातल्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथल्या डिस्कला कोणी काय सांगायचं, हे कोण ठरवतं?

डिस्कला आज्ञा देणारा असतो कोण?

आपण फोटो उघडतो तेव्हा आपला प्रोग्राम डिस्कशी थेट बोलत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, आणि ती डिस्कला म्हणते, "अमुक जागेवरचं वाचून दे."

पण डिस्कला फक्त वाचणं-लिहिणंच कळतं असं नाही. सगळं पुसून टाक, पासवर्ड लावून स्वतःला बंद कर, तुझ्या आतला मूळ प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर बदल, अशाही आज्ञा तिला कळतात. दुरुस्ती करणाऱ्याला त्या लागतात. भलत्याच्या हाती पडल्या तर मात्र खेळ खल्लास.

एक चुकीची आज्ञा काय करू शकते, याचं उदाहरण २००३ मधलं आहे. मँड्रेक नावाच्या लिनक्सची ९.२ ही आवृत्ती आली आणि ती टाकताना लोकांचे एलजी कंपनीचे काही सीडी ड्राइव्ह बंद पडू लागले. कारण काय? सिस्टीमने ड्राइव्हला एक साधी आज्ञा पाठवली होती : तात्पुरत्या साठ्यात काही लिहायचं राहिलं असेल तर लिहून टाक. पण त्या ड्राइव्हमध्ये त्याच आज्ञेला फर्मवेअर बदलण्याचा अर्थ दिलेला होता. एका आज्ञेत धडधाकट ड्राइव्ह ठप्प.

मग दारावर पहारेकरी बसला

लिनक्समध्ये आणखी एक भोक होतं. सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रामना ड्राइव्हशी थेट बोलावं लागायचं, म्हणून तशी वाट ठेवलेली होती. पण ज्याला ड्राइव्ह फक्त वाचायची परवानगी आहे, तोही त्या वाटेने हवी ती आज्ञा पाठवू शकत होता.

ऑगस्ट २००४ मध्ये लिनक्सची २.६.८ आवृत्ती आली आणि त्यात आज्ञांची यादी बसवली गेली. काही आज्ञा वाचायची परवानगी असलेल्यांना, काही लिहायची परवानगी असलेल्यांना, आणि यादीत नसलेलं सगळं फक्त प्रशासकाला.

सुरक्षा आली, पण त्याच दिवसांत अनेकांना सीडी लिहिता येईना! त्यांच्या प्रोग्रामला लागणाऱ्या आज्ञा यादीत नव्हत्याच. मग यादी दुरुस्त करावी लागली. यादी सैल ठेवली तर चोराचं फावतं, घट्ट केली तर मालकाचंच काम अडतं. ही ओढाताण तेव्हापासून आहे.

पहारेकरीही फसतो

२०११ च्या अखेरीस एक गोष्ट उघड झाली. एका डिस्कचे भाग पाडून एक भाग कोणाला दिला, तर त्या भागाला दिलेली थेट आज्ञा अख्ख्या डिस्कला जाऊन पोहोचत होती. म्हणजे सातबारा एका हिश्शाचा, पण नांगर भावकीच्या सगळ्या रानात. एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक गिऱ्हाइकांना जागा वाटून देणाऱ्यांसाठी हे फारच धोक्याचं होतं. ती वाट मग बंद केली गेली.

२०१२ च्या क्रमांकाने नोंदलेली दुसरी त्रुटी आणखी मजेशीर. तलाठ्याकडे उतारा मागितला तर जमिनीचा कागद मिळतो, मराठीच्या पेपरात उतारा म्हटलं तर परिच्छेद. शब्द एकच. तसंच आज्ञांच्या क्रमांकांचं. एकच क्रमांक सीडी ड्राइव्हला सांगतो, "गाणं कुठवर आलं ते सांग." तोच क्रमांक हार्ड डिस्कच्या जातीच्या यंत्राला सांगतो, "या जागेवरचा डेटा आता नको, सोडून दे." पहारेकरी फक्त क्रमांक बघत होता, समोर कोणतं यंत्र आहे ते बघत नव्हता. त्यामुळे नुसती वाचायची परवानगी असलेल्याच्या हातून डेटा जाऊ शकत होता.

आपला काय संबंध?

अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. तुम्ही टाकलेल्या साध्या ॲपला फोनच्या साठवणीला थेट आज्ञा देता येत नाही, ती याच विचारामुळे. विंडोजवरही असं काम करणारा प्रोग्राम सहसा प्रशासकाची परवानगी मागतो. स्क्रीन अंधारते आणि "हो की नाही?" असा प्रश्न येतो, ती हीच वेळ.

म्हणून पेनड्राइव्ह दुरुस्त करून देतो, डिस्क फास्ट करतो असं सांगणारं एखादं फुकट टूल रीलमध्ये दिसलं, तर त्या प्रश्नाला सवयीने "हो" म्हणू नका. लिनक्स वापरत असाल तर कोणीतरी सांगितलं म्हणून अख्ख्या डिस्कची परवानगी सगळ्यांना उघडी करू नका. आणि लग्नाचे फोटो, जमिनीची कागदपत्रं, पोरांची सर्टिफिकेटं यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवाच.

पहारेकरी कितीही चांगला असला तरी मालकाने स्वतःच "सोड त्याला आत" म्हटलं, की तो बाजूला होतो.