निवडच नसेल तर चूक कुणाची? 'द गिव्हर' कादंबरी स्वातंत्र्याबद्दल काय सांगते

तुम्ही काय काम करायचं, हे समिती ठरवणार. जोडीदारही समितीच निवडणार. मूल हवं असेल तर अर्ज करायचा. जास्तीत जास्त दोन मिळणार, एक मुलगा आणि एक मुलगी. बदल्यात काय? भूक नाही, युद्ध नाही, बेकारी नाही.

सौदा मान्य आहे?

अमेरिकन लेखिका लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' ही कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे. ती १९९३ मध्ये आली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं, जो अमेरिकेतल्या बालसाहित्याचा मोठा सन्मान मानला जातो. २०१४ मध्ये तिच्यावर सिनेमा आला. 'हंगर गेम्स' आणि 'डायव्हर्जंट' वाचून मोठ्या झालेल्या पिढीच्या आधीची ही डिस्टोपियन कादंबरी. डिस्टोपियन म्हणजे वरून शिस्तबद्ध, पण आतून माणसाचा जीव घुसमटवणाऱ्या समाजाची गोष्ट.

(स्पॉयलर अलर्ट: पुढे कथेतली महत्त्वाची वळणं आहेत.)

गोष्ट काय आहे?

जोनस अकरा वर्षांचा आहे. त्याच्या वस्तीत दर डिसेंबरमध्ये समारंभ होतो. नवव्या वर्षी सायकल मिळते, बाराव्या वर्षी आयुष्यभराचं काम. जोनसच्या वाट्याला वेगळंच काम येतं. वस्तीच्या सगळ्या जुन्या आठवणी त्याला सांभाळायच्या आहेत.

कारण या लोकांनी 'एकसारखेपणा' स्वीकारलाय. त्यासाठी त्यांनी रंग सोडले, डोंगर सोडले, ऊन-बर्फ सोडला आणि भूतकाळही सोडला. तो सगळा भूतकाळ एका म्हाताऱ्याच्या डोक्यात साठवलेला आहे. तो जोनसच्या पाठीवर हात ठेवतो आणि एकेक आठवण त्याला देतो. बर्फाच्या उतारावरून घसरण्याची मजा, उन्हाचा चटका, मोडलेल्या पायाची कळ, रणांगण. आता हा म्हातारा 'देणारा' आहे, म्हणजेच 'गिव्हर'.

चुकीची निवड केली तर?

रंग दिसायला लागल्यावर जोनस चिडतो. सगळं एकाच रंगाचं असेल तर सकाळी कुठला सदरा घालायचा, हे तरी कसं ठरवणार?

पण गिव्हर चुकीच्या निवडीचा मुद्दा काढतो, आणि मग जोनस स्वतःच पुढचे प्रश्न विचारतो. लोकांना जोडीदार निवडू दिला आणि तो चुकीचा निघाला तर? काम निवडू दिलं आणि तेही चुकलं तर? जोनसला ही कल्पनाच भीतीदायक वाटते. लोकांना चुकीच्या निवडींपासून वाचवायलाच हवं, हे तो स्वतःच कबूल करतो.

कादंबरीची ताकद इथे आहे. या वस्तीत कुणी क्रूर हुकूमशहा नाही, रस्त्यावर सैनिक नाहीत. लोकांचं स्वातंत्र्य काळजीपोटी काढून घेतलंय, आणि लोकांना ते गेल्याचं माहीतही नाही.

'मुक्त करणं' म्हणजे काय?

वस्तीत म्हाताऱ्यांना, नियम वारंवार मोडणाऱ्यांना आणि नीट न वाढणाऱ्या बाळांना 'मुक्त' केलं जातं. सगळ्यांना वाटतं, ते दुसरीकडे कुठेतरी जातात.

जोनसचे वडील बाळांची देखभाल करतात. ते मायाळू आहेत, रडणाऱ्या गॅब्रिएल नावाच्या बाळाला रात्री घरी घेऊन येतात. एक दिवस जोनस त्यांच्या कामाचं रेकॉर्डिंग बघतो. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला ते इंजेक्शन देतात. बाळ निपचित पडतं. वडील लाडिक आवाजात त्याचा निरोप घेतात.

मग ते खुनी आहेत का? त्यांना मृत्यू म्हणजे काय हेच माहीत नाही. आपण निवड करतोय, हेही माहीत नाही. लाउरींचा मुद्दा इथे उघड होतो. दोन पर्याय समोर असले म्हणजे स्वातंत्र्य मिळालं, असं होत नाही. आपण करतोय त्याचा अर्थही कळावा लागतो, आणि तो अर्थ आठवणींतून येतो. ज्यांच्याकडे आठवण नाही, त्यांना वाईट कृत्य नाकारताही येत नाही.

हे सुचलं कुठून?

न्यूबेरी पदक स्वीकारतानाच्या भाषणात लाउरींनी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं होतं. म्हातारपणी त्यांची स्मृती जात होती. त्यांची एक मुलगी, म्हणजे लेखिकेची बहीण, तरुणपणीच वारली होती. तेच ते विसरले होते. विसरण्यामुळे त्यांचं दुःख गेलं.

गंमत म्हणजे निवडीच्या हक्काबद्दलची ही कादंबरी अमेरिकेत १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत होती. मुलांनी मृत्यूबद्दल इतक्या लवकर वाचू नये, असं काही पालकांना वाटत होतं. म्हणजे पुन्हा काळजीच!

जोनस काय निवडतो?

गॅब्रिएलला दुसऱ्या दिवशी सकाळी 'मुक्त' करणार, हे कळल्यावर जोनस त्याच रात्री वडिलांच्या सायकलवर त्याला घेऊन पळतो. वाटेत अन्न संपतं. तेव्हा त्याच्या मनात येतं, आपण तिथेच राहिलो असतो तर पोट भरलेलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काही निवडलं, आणि तेच चुकलं की काय?

पण मग त्याला उमगतं, तिथे पोट भरलं असतं, तरी माया आणि रंगांसाठी तो उपाशीच राहिला असता. आणि गॅब्रिएल तर जगलाच नसता.

निवड बरोबरच ठरेल, याची हमी लाउरी शेवटपर्यंत देत नाहीत. बर्फाळ टेकडीवरून खाली दिसणारे दिवे खरे की भास, हेही या पुस्तकात त्या सांगत नाहीत. ते ठरवायचं काम त्यांनी वाचकावर सोडलंय.